कंपाउंडरने बसवलेला ड्रायव्हर

दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे, तरी गल्लीत त्यांना सगळे कंपाउंडरच म्हणतात. त्यांचीही हरकत नसते. चाळीस वर्षं माणूस एकाच खिडकीतून बाटल्या देत राहिला की त्याचं खरं नाव त्याला स्वतःलाच परकं वाटायला लागतं. बँकेत कोणी नावाने पुकारलं तर कंपाउंडर आधी मागे वळून बघतात.

कामाची त्यांची एक रीत होती. चिठ्ठी वाचायची, बाटली वाचायची, आणि हातावर ठेवण्याआधी चिठ्ठी पुन्हा वाचायची. घाईतल्या माणसाला वाटायचं, याला वाचता येत नाही की काय! पण चाळीस वर्षांत त्या खिडकीतून चुकीचं औषध गेलं नाही. या गोष्टीचा अभिमान ते लपवून ठेवायचे, म्हणजे दिवसातून एकदाच सांगायचे.

आणखी एक रीत होती, तिचा मात्र त्यांनी कधी उच्चार केला नाही. खिडकीशी आलेलं माणूस घाबरलेलं असलं की ते डॉक्टरांचं बोलणं जरा पातळ करून पुढे देत. डॉक्टर आतून म्हणत, ‘फुफ्फुसात पाणी झालंय, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.’ कंपाउंडर म्हणत, ‘तिथे यंत्रं चांगली आहेत, एकदा दाखवून या. आजच जा, उद्या गर्दी असते.’ माणूस जायचा तिथेच, पण रडत नाही, चालत जायचा. औषधात पाणी घालणाऱ्याला लोक लबाड म्हणतात आणि बोलण्यात घालणाऱ्याला देवमाणूस. कंपाउंडर देवमाणूस म्हणून प्रसिद्ध होते.

त्यांच्या बायकोला अर्थातच कंपाउंडरीणबाई हे नाव पडलं. तिने उभ्या जन्मात गोळी मोजली नव्हती. तिची अठ्ठावीस वर्षं गिरणीत मागाच्या खात्यात गेली. तिथे शेकडो माग एकदम चालायचे. कानाला तोंड लावून ओरडलं तरी फुकट. म्हणून त्या खात्यातल्या बायकांनी आपलं एक बोलणं तयार केलं होतं. त्यात आवाज काढायचाच नाही. शब्द फक्त ओठांवर, ठळक, सावकाश, मदतीला भुवया आणि दोन बोटं. चार माग सोडून उभ्या असलेल्या बाईशी सासूची उणीदुणी निघत, मुकादम शेजारून जात असताना मुकादमाचीच टिंगल चाले, आणि त्या बिचाऱ्याला वाटे की बायका किती मन लावून काम करतायत.

मागांनी तिला पगार दिला आणि कान घेतले. पन्नाशीला ऐकू कमी झालं, साठीला संपलं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते घालून ती एक दिवस बसली आणि म्हणाली, ‘‘अहो, गिरणी पुन्हा सुरू झाली डोक्यात. काढा हे.’’ यंत्र डब्यात गेलं. समोरच्याचे ओठ ती आरामात वाचायची, फक्त उजेड हवा आणि तोंड समोर हवं. कंपाउंडरांना तेव्हा भरघोस मिशी होती, चाळीस वर्षं जपलेली. ती वरच्या ओठावरून खाली यायची. एका सकाळी ते न्हाव्याकडे गेले आणि ती उतरवून आले. घरी आल्यावर बायकोने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आता तुम्ही काय बोलता ते कळतं. मिशी होती तेव्हा जास्त शहाणे वाटायचात.’’ मग ती आत जाऊन रडली, हे त्यांना माहीत आहे.

त्यांना एकच लेक. गिरणीचं ते मुकं बोलणं तिला आईच्या कडेवर असल्यापासून येतं. जेवताना मायलेकी एकमेकींकडे बघून ओठ हलवायच्या, भुवया उडवायच्या आणि एकदम खिदळायच्या. मध्ये पानावर बसलेले कंपाउंडर विचारायचे, ‘‘माझ्याबद्दल आहे का?’’ दोघी एका सुरात म्हणायच्या, ‘‘छे!’’ म्हणजे त्यांच्याबद्दलच असायचं. ते बोलणं आपणही शिकावं असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. बायकांचं काहीतरी चाललंय, चालू दे, एवढाच त्यांचा विचार.

लेक आता एका रात्रीच्या प्रवासावर, दुसऱ्या शहरात, शाळेत शिकवते आणि एकटी राहते. दर रविवारी फोन करते. फोन घेतात कंपाउंडर, कारण आईला ऐकू येत नाही. चेहरा दिसणारा फोनही करून बघितला होता. पण त्यांच्या फोनचा पडदा हाताच्या पंजापेक्षा लहान, वरून तडा गेलेला, आणि बाईंचा एक डोळा अधू. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तोंडातले ओठ कोण वाचणार? चार मिनिटांत त्या म्हणायच्या, ‘‘बरी दिसतेय. ठेवा आता,’’ आणि उठून जायच्या. मग निरोप्या कोण, तर कंपाउंडर. लेकीचं आईला सांगायचं, आईचं लेकीला. लेक म्हणाली, ‘शाळेत फार दमायला होतं, आईची आठवण येते,’ तर ते बायकोला सांगत, ‘मजेत आहे, तुझी आठवण काढत होती.’ आई म्हणाली, ‘तिला विचारा, दोन वर्षं झाली, घरचा रस्ता विसरलीस का,’ तर ते फोनमध्ये म्हणत, ‘आई विचारतेय, कधी जमेल यायला.’ सवय जात नाही माणसाची. आणि आई तरी लेकीकडे कुठे जायची? कान गेल्यापासून तिने परकं गाव, परकी माणसं सोडूनच दिली होती. दहाजणांत बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे टकमक बघायचं तिला लाजिरवाणं वाटे.

तर असं सगळं चालू असताना एका बुधवारी, रविवार नसताना, लेकीचा फोन आला.

‘‘बाबा, आई जवळ आहे का?’’

‘‘आहे. कपड्यांच्या घड्या घालतेय. का गं?’’

‘‘तू चेहरा नीट ठेव. माझ्या गळ्याशी एक गाठ आली आहे. लहान आहे. मंगळवारी काढणार आहेत. दोन दिवसांत घरी. तुम्ही येऊ नका, उगाच धावपळ नको. शाळेतल्या मैत्रिणी आहेत.’’

कंपाउंडरांनी चेहरा ठेवला. गळ्याच्या गाठींबद्दल त्यांना दोन प्रश्न विचारता आले असते. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या माणसाला ते प्रश्न येतातच. पण उत्तराची भीती वाटून त्यांनी एकही विचारला नाही.

‘‘आईला मी सांगतो सावकाश,’’ ते म्हणाले.

‘‘नाही. तू सांगायचं नाहीस, बाबा. लिहूनही द्यायचं नाही. मी सांगणार, माझ्या तोंडाने. तिने माझं तोंड बघायला हवं. माझा जुना कॉम्प्युटर आहे ना तुझ्याकडे, मोठ्या पडद्याचा? तो चालू कर. रविवारी चार वाजता मी दिसेन. करशील ना?’’

‘‘त्यात काय मोठंसं,’’ कंपाउंडर म्हणाले. आयुष्यात इतकं खोटं ते क्वचितच बोलले असतील.

कॉम्प्युटर कपाटाशेजारी चादरीखाली झाकून ठेवलेला होता. म्हातारा झाला म्हणून लेकीने जाण्याआधी त्याच्यावर विंडोज काढून लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकली होती. त्याने मशीन तरतरीत झालं, पण गल्लीत कोणाला त्याचं काही कळेना. पडद्यावर डोळ्यासारखा चिकटवलेला कॅमेरा होता. नव्हतं ते इंटरनेट. घर पहिल्या मजल्यावर, खाली तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान. ते चालवणाऱ्या ताईंनी आपल्या वायफायचा पासवर्ड कंपाउंडरांना कधीच देऊन ठेवलेला. फोनला ते वायफाय मिळे. पण या मशीनला वायफाय पकडायला अंगात काही नव्हतंच. दुकानातून तार ओढायची म्हटलं तर शटर रोज ओढताना ती चिरडणार. गुरुवारी सकाळी कंपाउंडर बाजारात जाऊन नखाएवढी एक वस्तू घेऊन आले. मागे खोचली की वायफाय पकडते, असं दुकानदार म्हणाला.

खोचली. काहीच झालं नाही. काढून फुंकर मारून पुन्हा खोचली. दुसऱ्या भोकात खोचली. भोकं चार होती, चारही झाली.

‘‘बाबा, त्याला ड्रायव्हर लागेल,’’ लेक फोनवर म्हणाली. ‘‘नवीन वस्तू लावली की मशीनला तिचं बोलणं कळत नाही. मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. तो ड्रायव्हर. नेट असतं तर आपोआप उतरवता आला असता.’’

म्हणजे नेट आणायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला नेट हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. फोन तारेने मशीनला जोडून नेट देता येतं असंही लेक म्हणाली, पण फोनचं भोक सैल. चार्जिंगलासुद्धा त्याला पुस्तकाखाली तिरका दाबून ठेवावा लागे. तेव्हा कंपाउंडर वस्तूच्या खोक्यातली छोटी सीडी घेऊन जिना उतरले.

झेरॉक्सवाल्या ताई चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या. एका हाताने ओळखपत्राच्या प्रती काढत त्यांनी सीडी घातली. ‘‘काका, ही विंडोजची आहे. तुमचं काय आहे?’’

‘‘लिनक्स.’’

घरात हरीण पाळलंय असं सांगितल्यासारखं ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. ‘‘मग मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण काय उतरवायचं ते लिहून आणा, पेनड्राइव्हवर घालून देते. नाहीतर असं करा ना, काकूंना इथेच आणा रविवारी. माझ्या मशीनवर बोला म्हणावं.’’

कंपाउंडरांनी दुकानाकडे बघितलं. काउंटरला चार माणसं टेकून उभी होती. ‘‘इथे नको ताई,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की ताईंनी पुढे विचारलं नाही.

संध्याकाळी लेकीने आठ ओळी लिहून पाठवल्या. या जशाच्या तशा टाइप कर, म्हणाली. कंपाउंडरांनी त्या आधी वहीत उतरवल्या. बाटलीवर लिहायची सवय. तिथल्यासारखीच सगळी मोठी, कॅपिटल इंग्रजी अक्षरं, कोणाची वाचताना गफलत होऊ नये म्हणून. मग वहीत बघून एका बोटाने टाइप केल्या. मशीन म्हणालं, अशी आज्ञा मला माहीत नाही. पुन्हा केल्या. पुन्हा तेच. शुक्रवारची सकाळ यातच गेली. या मशीनला मोठी अक्षरं म्हणजे वेगळीच अक्षरं वाटतात, हे दुपारी कळलं तेव्हा त्यांना मनापासून राग आला. ठळक लिहिलेलं ज्याला कळत नाही तो कसला शहाणा?

त्यातून मशीनचा पासवर्ड. तो टाइप केला तर पडद्यावर काही उमटेचना. बटणं बिघडली म्हणून त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. आतून दोन पेन्सिलीचे तुकडे आणि एक टाचणी पडली. मग लेकीने सांगितलं की तो दिसत नसतोच, आंधळ्यासारखा टाकायचा आणि एंटर मारायचं. पासवर्ड होता आईच्या गिरणीतल्या बिल्ल्याचा नंबर. तो त्यांना झोपेतही आला असता. लग्नाआधी तो नंबर बघायला ते गिरणीच्या फाटकाशी उभे राहत.

पहिली ओळ चालली तेव्हा मशीनने त्याच्या अंगाला काय काय लावलंय त्याची यादी दिली. तिच्यात त्या नखाएवढ्या वस्तूची ओळ होती, पुढे दोन आकडे, चार-चार अक्षरांचे. खोक्यावरच्या नावाचा त्यात मागमूस नव्हता. आणि इथे कंपाउंडरांना पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. वेष्टनावरचं नाव कंपनी वाटेल ते ठेवते. आतलं औषध कुठलं ते खाली बारीक अक्षरांत असतं, आणि द्यायचं असतं ते त्याच्यावरून. तेच आकडे वहीत घेऊन ते खाली गेले.

‘‘ताई, नावाने शोधू नका. या आकड्यांनी शोधा.’’

ताईंनी शोधलं. खरंच, त्याच नावाच्या खोक्यात तीन वेगवेगळ्या चिपा निघत होत्या आणि तिघींचे ड्रायव्हर निराळे. ‘‘काका, तुम्ही तर हुशार निघालात!’’

‘‘चाळीस वर्षांत एकदाही चुकीचं गेलं नाही माझ्या हातून,’’ कंपाउंडर म्हणाले. त्या दिवशीचं सांगून झालं.

पण ड्रायव्हर तयार मिळत नव्हता, घरी बनवायचा होता. त्याला अवजारं लागत होती, आणि मशीनच्या गाभ्याची माहिती देणाऱ्या काही फाइली. ताईंनी त्या फाइली सगळ्यांत नव्या होत्या त्या दिल्या. वर येऊन चालवलं तर मशीनने नकार दिला. गाभ्याचा नंबर एक, फाइलींचा नंबर दुसरा, शेवटच्या दोन आकड्यांचा फरक. ‘‘नवीन आहे म्हणून घेतलं हो,’’ ताई म्हणाल्या. ‘‘नवीन ते चांगलं असेल,’’ कंपाउंडर म्हणाले, ‘‘पण रोग्याला जे लिहून दिलंय तेच द्यावं लागतं.’’ जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. शुक्रवारी आणि शनिवारी मिळून ते किती वेळा चढले-उतरले ते त्यांच्या गुडघ्यांना माहीत.

शनिवारी दुपारी बाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कंपाउंडर ओळी टाइप करत होते.

‘‘तीन दिवस झाले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही माझ्याशी पाठ करून बोलताय.’’

ते वळले. ‘‘मशीनकडे बघावं लागतं गं.’’

‘‘मशीन बंद असतानाही?’’

कितीही पातळ केलं तरी ही बाई ओठ वाचते, आणि ओठांबरोबर बाकीचंही वाचते, हे कंपाउंडर जाणून होते. म्हणूनच पाठ होती.

‘‘लपवायचं असेल तर लपवा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. पण तोंड माझ्याकडे करून लपवा. पाठ बघून मला जास्त भीती वाटते.’’

त्यांनी खुर्ची वळवली, बायकोचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं. मग लेकीचा शब्द आठवला. ‘‘उद्या चार वाजता,’’ ते हळू, स्पष्ट म्हणाले. ‘‘ती तुला दिसेल. या पडद्यावर, एवढी मोठी. ती तुझ्याशी बोलेल. मी मध्ये नसेन.’’

बाईंनी पडद्याकडे बघितलं. थोड्या वेळाने चहाचा कप कंपाउंडरांच्या शेजारी येऊन बसला.

शनिवारी संध्याकाळी बरोबर नंबरच्या फाइली आल्या. रविवारी सकाळी ते अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून मशीनसमोर बसले. ओळी टाकल्या. पडद्यावर आपोआप अक्षरं धावायला लागली, शेकड्यांनी, मध्येच थांबत, पुन्हा धावत. कंपाउंडर प्रत्येक ओळ वाचायचा प्रयत्न करत होते. न वाचता पुढे जाऊ देणं त्यांना पटत नव्हतं. दहा मिनिटांनी सगळं थांबलं, कुठेही तक्रार नव्हती. वस्तूच्या पोटात एक निळा ठिपका लागला. कोपऱ्यात दुकानाचं वायफाय दिसलं. पासवर्ड टाकला. जोडलं गेलं!

‘‘अगं ए!’’ ते ओरडले. मग आठवण होऊन त्यांनी दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. घरात हाक मारायची ती पद्धत होती. बाई आतून आल्या, आणि त्या येईपर्यंत वायफाय गेलं होतं.

मग ते आलं. आणि गेलं. मिनिटभर असायचं, मिनिटभर नसायचं. अकरा वाजले, बारा वाजले. कंपाउंडरांनी वस्तू काढली, घातली, मशीन बंद केलं, चालू केलं. लेकीला फोन लावला तर ती मैत्रिणीबरोबर तपासणीला जाणार होती, फोन बंद. ताई वायफाय तेवढं चालू ठेवून, दुकान बंद करून जेवायला गेलेल्या. जेवण त्यांनी मशीनसमोरच उरकलं. चार वाजता ती तिकडे तोंड घेऊन बसणार, आणि इथे तिचं तोंड येणार आणि जाणार. ‘आई, मला गाठ’ म्हणेल आणि पडदा काळा होईल. मग पुढचं कोणी सांगायचं? पुन्हा यांनीच, आणि यांच्या तोंडून ते काय रूपात बाहेर पडेल ते यांनाच ठाऊक.

दीड वाजता ते शांतपणे बसले आणि वही पहिल्यापासून वाचायला लागले. चिठ्ठी पुन्हा वाचायची. शेवटच्या पानावर लेकीने दिलेली एक ओळ होती, कोणकोणते ड्रायव्हर कामावर आहेत ते दाखवणारी. ती त्यांनी टाकली. लांब यादी आली. बोट ठेवून एकेक नाव वाचत ते खाली आले आणि एका ठिकाणी थांबले. त्यांनी बनवलेला ड्रायव्हर तिथे होता. आणि चार ओळी खाली, जवळजवळ त्याच नावाचा, एकाच घरातला वाटावा असा दुसरा होता. तो मशीनमध्ये आधीपासूनच असणार. त्याला ही चिप नीट जमत नव्हती, पण तो सोडतही नव्हता.

एका दुखण्यावर दोन औषधं! कंपाउंडर ताडकन उभे राहिले. दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आणणारे पेशंट त्यांनी काय कमी बघितले होते? दोन्ही गोळ्या चांगल्या, आणि एकत्र घेतल्या की माणूस आडवा. अशा वेळी तिसरी द्यायची नसते, एक बंद करायची असते. फोनच्या वायफायवर त्यांनी शोधलं. जुन्या ड्रायव्हरला मज्जाव करायची एक फाइल असते, तिच्यात त्याचं नाव घालायचं. छोटी अक्षरं, एका बोटाने. तीनदा वाचलं. मशीन बंद केलं आणि चालू केलं.

निळा ठिपका लागला. वायफाय आलं. कंपाउंडर घड्याळ लावून बसले. पाच मिनिटं. दहा. पंचवीस. ते हललं नाही.

पावणेचारला बाई नवी साडी नेसून, वेणी घालून खुर्चीत येऊन बसल्या. खिडकी उघडून उजेड तोंडावर घेतला. चारला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर लेक आली, केवढी तरी मोठी, खरोखरच्या माणसाएवढी. ती हसली आणि बोलायला लागली.

आवाज नव्हता.

कंपाउंडर जागचे उठले. चार दिवस ते धावले, आणि या मशीनला स्पीकर आहे का, कॅमेऱ्याचा माइक चालतो का, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. ज्या घरात हाकसुद्धा दिव्याने मारतात, तिथे आवाजाचं कोणाच्या ध्यानात येणार? ते घाईघाईने मागच्या तारा चाचपायला लागले.

बाईंनी त्यांचा हात धरून बाजूला केला. ‘‘मला कुठे लागतो आवाज?’’

लेकीच्याही लक्षात आलं होतं. ती क्षणभर थांबली. मग तिने खांदे सरळ केले, तोंड कॅमेऱ्याच्या जवळ आणलं, आणि ओठ सावकाश, ठळक हलायला लागले. भुवया वर गेल्या. दोन बोटं आली. बाईही आवाज टाकून तशाच बोलायला लागल्या.

खोलीत नुसती शांतता होती. कंपाउंडर बाजूच्या स्टुलावर बसून आलटून पालटून दोघींकडे बघत राहिले. लेकीने एकदा बोट गळ्याशी नेलं. तेवढं त्यांना कळलं. बाईंचा चेहरा हलला नाही, फक्त खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला. मग लेक पुष्कळ बोलली. मग रडली. तिला रडताना त्यांनी तिच्या लहानपणानंतर बघितलं नव्हतं. फोनवर तर ती नेहमी हसायची. बाई पुढे झुकून काहीतरी सांगत होत्या, तेच ते पुन्हा पुन्हा, आणि लेक मान डोलावत होती. शेवटी दोघी हसल्या. अर्धा तास हे चाललं आणि त्यातला एक शब्दही कंपाउंडरांकडून गेला नाही. पुढे लेकीने त्यांच्याकडे बघून हात हलवला, आणि पडदा रिकामा झाला.

‘‘सांगितलं तिने?’’ कंपाउंडरांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘लहानशीच आहे गं. दोन दिवसांत घरी.’’

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. ‘‘गाठ आवाजाच्या नसेवर बसलीय. काढताना आवाज जाईल असं डॉक्टर म्हणालेत. थोडे दिवस, नाहीतर कायमचा. ते आधी सांगता येत नाही. शाळेचं काय होईल, म्हणून रडत होती. फार घाबरलीय पोर.’’

‘‘मला तर ती म्हणाली—’’

‘‘तुम्हाला सोसेल तेवढंच सांगते ती. बाबांना झेपत नाही, म्हणाली.’’

कंपाउंडर स्टुलावर तसेच बसून राहिले. इतके दिवस त्यांना वाटत होतं की लेकीचं दुःख आपणच पातळ करून पुढे देतो. ते त्यांच्या हातात आलं तेव्हाच पातळ केलेलं होतं. आणि ज्या बाईला ते जपत होते, ती आत्ता सगळं जसंच्या तसं गिळून सरळ बसली होती. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही बायकोबद्दल फार माया दाटून आली.

‘‘आज रात्रीच्या गाडीने निघायचं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘पण ती येऊ नका म्हणाली होती.’’

‘‘तुम्हाला म्हणाली. मला ये म्हणाली. आवाज नसताना कसं राहायचं ते तिला माझ्याशिवाय कोण सांगणार? मी सांगितलं तिला, अख्खं खातं अठ्ठावीस वर्षं बोलत होतं, आणि आवाज एकीचाही नव्हता.’’

‘‘आणि तिथली परकी माणसं? तुला नाही ना आवडत.’’

‘‘बघतील माझ्याकडे, बघू देत.’’ त्या उठल्या, दोन लुगडी आणि त्यांचे दोन शर्ट काढून पलंगावर ठेवले, आणि परत येऊन त्यांच्या समोर बसल्या. ‘‘मी तिला वाचते, ती मला वाचते. घरात मुके तुम्हीच राहणार. इकडे या उजेडात. तुम्हाला शिकावं लागेल.’’

‘‘आत्ता? या वयात?’’

‘‘मंगळवारच्या आत जेवढं होईल तेवढं.’’

खिडकीच्या उजेडात बाईंनी ओठ हलवले. आवाज नाही. कंपाउंडरांनी डोळे बारीक करून बघितलं. काही कळलं नाही.

‘‘पुन्हा,’’ ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा केलं, आणखी सावकाश. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले. ‘‘हा तुम्हाला सगळ्यांत आधी लागेल,’’ त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा केला. तेव्हा त्यांना तो शब्द कळला. बाबा.

कळल्याबरोबर त्यांना रडू फुटलं, तोंड झाकावं असंही त्यांना सुचलं नाही. बाईंनी त्यांना हवं तेवढं रडू दिलं, आणि मग पुढचा शब्द घेतला.